पंपानं हवा धरली तर: विहिरीवरचा मोनोब्लॉक भरायचा कसा

मार्च सरत आला की आमच्या पलूस भागात रात्री एक आवाज हमखास ऐकू येतो. भरलेला पंप दबक्या, जड आवाजात चालतो. रिकामा पंप मोकळ्या गळ्यानं गुंऽऽ करत सुटतो. झोपेतही फरक कळतो. मग कुणीतरी बॅटरी घेऊन विहिरीकडं पळतं, स्टार्टरचं लाल बटण दाबतं आणि अंधारात बादली शोधायला लागतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती पाळी माझ्यावर होती. रात्रपाळीची लाईट बाराला आली. अडीच एकर ऊस, त्यातलं निम्मं रान चार दिवसांपासून तहानलेलं. आमचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकाच अंगात असलेला पंप, हवा धरून बसलेला. मी आणि पुतण्या मिळून नरसाळ्यातनं अकरा बादल्या पाणी ओतलं. भरेना. दरवेळी थोडं चढायचं, चालू केलं की दोन मिनिटं पिचकारी आणि परत गुंऽऽ. सकाळी शेजारचे तात्या आले, नरसाळ्यात एक नजर टाकली आणि म्हणाले, "आरं, विहिरीचंच पाणी काढून विहिरीतच वततोयस की रात्रभर."

तसंच झालं होतं. फुटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेत, चिंचोका अडकला होता. वरनं ओतलेली प्रत्येक बादली खालनं निघून जात होती.

आमच्यापासून जवळच किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना वसवला, आणि पुढं पंप म्हटलं की वाडीचं नाव निघायला लागलं. इतक्या जवळ राहूनही पंप भरणं म्हणजे 'पाणी ओतणं' असाच आमच्यातल्या बहुतेकांचा समज. खरं काम आतली हवा बाहेर काढायचं असतं. पाणी हे त्याचं हत्यार. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून आधी थोडं कारण सांगतो.

पंप ओढत नाही

आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. पंप फक्त पंख्याच्या, म्हणजे इम्पेलरच्या, मधोमध दाब कमी करतो. बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतल्या पाण्यावर असतोच. तोच पाण्याला पाइपातून वर ढकलतो. समुद्रकिनाऱ्यावर हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट उंचीचा स्तंभ तोलतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, त्यामुळं इथं तो आकडा साडेनऊ-पावणेदहा मीटरवर येतो. सातारा त्याहून उंच, तिथं आणखी थोडा कमी. महाबळेश्वरला ९ मीटरच्या आत. पाइपातलं घर्षण, बेंड, फुटवॉलची जाळी या सगळ्यांचा वाटा वजा केला की हाती राहतात २० ते २२ फूट. कितीही एचपीची मोटार लावा, पंपापासून पाणी त्याहून खाली गेलं की ते वर येणार नाही. ढकलणारी हवा आहे, आणि हवेचा एचपी वाढवता येत नाही.

आता रिकाम्या पंपाचं. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा जे काही आत असेल ते गरागरा फिरवून बाहेर फेकतो. पाणी असेल तर ३० मीटर उंच फेकेल. हवा असेल तर हवाही '३० मीटर' फेकेल, पण हवा पाण्यापेक्षा आठ-नऊशे पट हलकी. तीस मीटर हवेच्या स्तंभाचं वजन पाण्याच्या जेमतेम तीन-चार सेंटीमीटर स्तंभाएवढं. म्हणजे कोरडा पंप पूर्ण वेगानं फिरूनही पाइपात पाणी बोटाच्या दोन पेरांएवढंच चढवतो. बाकीचे अठरा फूट ते कसं चढणार? म्हणून सक्शन पाइप (विहिरीतून पंपापर्यंत येणारा) आणि केसिंग (पंख्याभोवतीचं कवच) दोन्ही पाण्यानं गच्च भरलेली हवीत. सक्शनमध्ये राहिलेला हवेचा मोठा बुडबुडा शेवटी पंख्याच्या तोंडाशी येऊन बसतो आणि पाण्याची तार तोडतो.

हात घालण्याआधी

स्टार्टर बंद केलात एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडं निम्म्या स्टार्टरना 'ऑटो' लावलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुटते. पंख्यापाशी हात आणि त्याच वेळी लाईट, असं नको. ऑटो बंद, मेन स्विच खाली, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात. किटकॅट खिशात ठेवायची सवय आमच्या अण्णांची, आणि ती मोडायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. विहिरीत कठड्यावर पंप असेल तर ओल असतेच, तेव्हा अर्थिंगची तार जागेवर आहे का तेही बघून घ्या.

डीपीवर (लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा लाईनवर नुकतंच काम झालं असेल तर मोटार उलटी फिरत नाही ना हे पाहा. थ्री फेज मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की दिशा बदलते. उलटा फिरणारा पंप भरलेला असला तरी पाणी कमी आणि मरतुकडं देतो, आणि माणूस उगाच फुटवॉलला शिव्या घालत बसतो. केसिंगवर बाण असतो. मोटार क्षणभर चालू करून बंद करा आणि मोटारीच्या मागचा, तिला गार ठेवणारा पंखा थांबता थांबता कुठल्या बाजूला वळतोय ते बघा. उलटा असेल तर वायरमनकडून कोणत्याही दोन फेजच्या तारा बदलून घ्या.

आधी हिशोब, मग बादली

त्या रात्री मी हेच केलं नव्हतं. भरायला पाणी किती लागणार हे आधीच काढता येतं. पाइपाचा आतला व्यास अडीच इंच असेल तर दर फुटाला जवळजवळ एक लिटर, तीन इंची असेल तर सुमारे १.४ लिटर, चार इंचीला अडीच लिटर. मोजायची ती पाण्याच्या वरची लांबी. पाण्यात बुडालेला भाग फुटवॉलमधून आपसूक भरलेला असतो. आडवा पाइप असेल तर तोही धरा.

माझा पाइप तीन इंची, पाण्याच्या वर २४ फूट आडवा-उभा मिळून. म्हणजे ३३-३४ लिटर. केसिंगचे पाच-सहा लिटर. एकूण चाळीस. पंधरा लिटरच्या पावणेतीन बादल्या. चौथी बादली उचलताना मला शंका यायला हवी होती. मी अकरापर्यंत गेलो.

तेव्हा हा आकडा काढून स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवा. रात्री बारा वाजता गुणाकार होत नाहीत.

भरायची रीत

डिलिव्हरीला, म्हणजे पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला, गेट वॉल्व्ह असेल तर तो बंद करा. केसिंगच्या माथ्यावरचं प्रायमिंगचं (पंप भरायचं) बूच काढून नरसाळं बसवा आणि दुसऱ्या टोकाला किंवा बाजूला एअर कॉक (हवा सोडायची तोटी) असेल तर तो उघडा. पुष्कळ पंपांना एकच भोक असतं. तिथं नरसाळ्याचा देठ भोकापेक्षा बारीक घ्या, म्हणजे पाणी मधनं जाईल आणि हवा कडेनं येईल. देठ घट्ट बसला की हवा कोंडते, नरसाळं गुळण्या करायला लागतं आणि आपल्याला वाटतं पंप भरला.

ओतायचं सावकाश. कळशीची धार जाडजूड एकदम सोडली तर पाणी पाइपाच्या तोंडाशी बूच मारतं आणि खालची हवा अडकते. बारीक धार धरा, थांबा, बुडबुडे येऊ द्या, परत ओता. दोन-तीनदा शाफ्ट हातानं फिरवा. मोनोब्लॉकला मागचं कव्हर काढून मोटारीचा पंखा धरून फिरवता येतो. इम्पेलरच्या पात्यांमागं दडलेली हवा एवढ्यानं बाहेर येते. सक्शन पाइपावर रबरी चपलेनं चार थापा मारा, हे मात्र कुठल्या पुस्तकातलं नाही, तात्यांचं आहे. आणि थापा मारल्यावर बुडबुडे येतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाणी भोकाच्या काठापर्यंत आलं, बुडबुडे थांबले, की लगेच बूच लावू नका. एक विडी ओढायची असेल तर ओढा. दहा मिनिटं नरसाळ्यातल्या पाण्याकडं नुसतं बघत बसायचं. ही दहा मिनिटं सगळं सांगतात.

पाणी जिथल्या तिथं राहिलं: फुटवॉल चांगला, जोड चांगले, बिनधास्त चालू करा. दहा मिनिटांत बोटभर उतरलं: वॉल्व्ह थोडा गळतोय, आज चालेल, पण दर वेळी थांबवल्यावर भरावं लागेल, सवडीनं काढा. डोळ्यांदेखत उतरत गेलं: ओतणं बंद, पाइप वर काढायची तयारी.

याच वेळी आणखी एक तपासणी फुकटात होते. नरसाळं उघडं असताना सक्शन पाइपात बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असतो, म्हणून जोडाला चीर असेल तर तिथनं पाणी बाहेर झिरपतं. बॅटरी मारून प्रत्येक फ्लँच (बोल्टनं आवळलेला जोड), बेंड, ग्लँड (शाफ्ट बाहेर येतो तिथलं दोरीचं पॅकिंग) बघा. कोरड्या पाइपावर बोट फिरवा. ओल लागली की तीच जागा पंप चालू झाल्यावर हवा आत घेणार. पंप चालू असताना त्याच चिरेतून थेंबही बाहेर येत नाही, कारण तेव्हा आत दाब कमी असतो. म्हणून लोक 'कुठंच गळत नाही की' म्हणत फसतात.

सगळं ठीक असेल तर बूच घट्ट लावा, एअर कॉक एखादा आटा सैल ठेवा, गेट वॉल्व्ह बंदच असू द्या आणि मोटार चालू करा. बंद वॉल्व्हवर चालू करायचं कारण असं की या जातीच्या पंपाला पाणी वाहत नसताना भार सगळ्यात कमी असतो. मोटार हलकी सुटते आणि सक्शनमधली पाण्याची तार एकदम ताणली जात नाही. एअर कॉकमधून आधी फुसफुस, मग दुधाळ पाणी, मग स्वच्छ धार. धार आली की कॉक बंद, आणि गेट वॉल्व्ह हळूहळू उघडा. वॉल्व्ह बंद ठेवून मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, तेच पाणी घुसळून तापतं.

गेट वॉल्व्ह नसलेले पंप शेतात कमी नाहीत. तिथं एक अडचण लक्षात ठेवा. डिलिव्हरी पाइपात वर पाणी साठलेलं असेल आणि मध्ये रिफ्लक्स वॉल्व्ह (पाणी मागं येऊ न देणारी झडप) असेल, तर केसिंगमधली हवा त्या पाण्याच्या वजनाखालची झडप उचलूच शकत नाही. दोन पेरांएवढा दाब, आणि वर चाळीस फूट पाणी! हवा आतच फिरत राहते. म्हणून अशा ठिकाणी एअर कॉक नसेल तर बसवून घ्या.

चालू झाल्यावर स्टार्टरवरचा अँपिअर मीटर बघायची सवय लावा. पाणी उचलत असताना तुमच्या मोटारीचा काटा कुठं असतो ते एकदा खडूनं खूण करून ठेवा. काटा त्याहून बराच खाली आला की पंपानं पाणी सोडलं. काम नाही म्हणून करंट कमी. ड्राय रनचा, म्हणजे पंप कोरडा चालू नये म्हणून लावायचा, रिले याच गोष्टीवर मोटार बंद करतो. तो बसवलेला असता तर दोन वर्षांपूर्वी आमचा पंप रात्रभर कोरडा फिरून ग्लँडची दोरी जळली नसती.

ग्लँडबद्दल एक वाक्य: चालू पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. ते थांबावं म्हणून पान्ह्यानं आवळत गेलात तर शाफ्टला चर पडतो आणि मग तिथनंच हवा शिरते.

फुटवॉल

आमच्याकडं त्याला कुणी फुटवॉल म्हणतं, कुणी सरळ फुटबॉल. काम साधं: पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही. आत एक झडप, तिच्याखाली रबराचं किंवा चामड्याचं वायसर, बाहेर जाळी. झडप आणि बैठक यांच्यामध्ये काडी, शिंपला, खडा, चिंचोका असं काहीही आलं की ती पूर्ण बसत नाही.

पाइप काढण्याआधी एक युक्ती करून बघा. डिलिव्हरीत पाणी साठलेलं असेल तर ते एकदम मागं सोडा. रिफ्लक्स वॉल्व्हला बायपास असेल तर तो उघडून. पाण्याचा झटका झडपेवर बसतो आणि पुष्कळदा अडकलेली काडी सुटते. दोन-तीन झटक्यांत सुटली नाही तर मात्र सुटणार नाही. विहिरीत पोहणारा माणूस असेल तर पाइप हलवून जाळीला लागलेलं शेवाळ, प्लास्टिकची पिशवी काढतो. पण एकट्यानं उतरू नका आणि मेन स्विच बंद असल्याशिवाय तर नाहीच.

शेणकाल्याचं विचारणार हे माहीत आहे. गळक्या फुटवॉलवर शेण कालवून नरसाळ्यातनं ओततात, शेणाचे तंतू झडपेच्या फटीत बसतात आणि पाणी धरतं. धरतं, हे खरं. अण्णांनी आयुष्यभर हेच केलं. पण अण्णा पाटानं पाणी द्यायचे. तुमच्याकडं ठिबक असेल तर तेच शेण तासाभरात फिल्टरला जाऊन बसेल आणि ड्रिपर तुंबवेल. आणि उपाय एका रात्रीचा, सकाळी झडप तशीच वाकडी. अगदी अडल्या वेळी, पाटपाण्याला, वस्त्रगाळ करून. बस.

पाइप काढलाच तर नुसता चिंचोका काढून परत सोडू नका. वायसर बोटानं दाबून बघा. कडक झालं असेल, कडेला चिरलं असेल तर बदला. बैठकीवर बोट फिरवा, चरा लागला तर बारीक पॉलिशपेपरनं घासा. मग जमिनीवरच तपासणी: फुटवॉल पाइपाला लावून पाइप उभा धरा, वरनं बादलीभर पाणी ओता आणि जाळीखाली कोरडा कागद ठेवा. विहिरीत सोडल्यावर कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं.

परत सोडताना फुटवॉल तळापासून एक-दीड फूट वर हवा, नाहीतर गाळ ओढतो. पाण्याच्या पातळीखाली निदान दोन फूट हवा, नाहीतर वर भोवरा पडतो आणि त्या भोवऱ्यातून हवा थेट पाइपात जाते. उन्हाळ्यात सकाळी व्यवस्थित चालणारा पंप दोन तासांनी हवा धरतो त्याचं हे नेहमीचं कारण. विहीर उपसत आली, पातळी खाली गेली, भोवरा सुरू. तिथं फुटवॉलचा दोष नाही, पंपाचाही नाही. गेट वॉल्व्ह थोडा दाबून उपसा कमी करा, झरे भरून काढतील तेवढंच पाणी घ्या.

हवा शिरते कुठून

भरतो, दहा मिनिटं पाणीही धरतं, पण चालवलं की अर्ध्या तासात सोडतो. असं असेल तर फुटवॉल निर्दोष समजा आणि पाइपाकडं वळा.

सक्शन पाइप विहिरीतून पंपाकडं सतत चढता हवा. मध्ये कुठं उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असेल तर तिथं हवा साठते, साठते आणि एकदम पंख्यात येते. आडव्या पाइपाखाली दगड लावून आधार दिलेला असतो. पावसाळ्यात एक दगड खचतो आणि पाइप झोकांडतो. दोरी ताणून बघा. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर (मोठा पाइप बारीक करणारा तुकडा) असेल तर त्याची सपाट बाजू वर हवी, उतरती बाजू खाली. उलटा बसवला की वरच्या कोपऱ्यात हवेची कायमची पिशवी तयार होते. हा रिड्यूसर मी तीन जणांच्या विहिरीवर उलटा बघितलाय आणि तिघांनीही फुटवॉल नवे आणले होते.

चीर शोधायला चालू पंपावर उदबत्ती उत्तम. वारा पडलेला असताना पेटती उदबत्ती जोडाजवळून हळू फिरवा. धूर सरळ वर जात असतो. चिरेपाशी तो वाकतो आणि आत ओढला जातो. ग्लँडपाशी, फ्लँचच्या खालच्या बाजूला, पीव्हीसीच्या सोल्युशन लावलेल्या जोडावर. साबणाचा फेस इथं फुगत नाही, कारण हवा बाहेर येत नसते. पण फेस जिथं शोषला जाऊन भोक पडतं ती जागा कळते. सापडली की तात्पुरता उपाय ओल्या शाडूचा किंवा एम-सीलचा. कायमचा उपाय म्हणजे फ्लँचचं रबर पॅकिंग बदलणं, आट्याच्या जोडाला सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप. उन्हात पडून पांढरा पडलेला पीव्हीसी पाइप असेल तर डागडुजी करत बसू नका.

आणि पंपात खडी भरल्यासारखा आवाज येत असेल, पाणी येतंय पण कडकड वाजतंय, तर हवा नाही, वाफ आहे. पाणी फार खोल गेल्यानं पंख्याच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीही तिथं उकळतं. ते बुडबुडे पुढं जाऊन फुटतात आणि पितळी पंख्याला वाळवी लागल्यासारखी भोकं पाडतात. पंप खालच्या कठड्यावर उतरवा. दुसरा मार्ग नाही.

मेव्हण्याची बिअर

माझा मेव्हणा अमेरिकेत असतो आणि घरी बिअर करतो. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल. "दाजी, तुम्ही पंपवाले ना? हा बघा, फिरतोय पण काही पुढं जात नाही." समोर स्टीलचं मोठं पातेलं, त्यात माल्टचा उकळता गोड रस, खाली तळहाताएवढा चुंबकावर चालणारा पंप. माझ्या पाच एचपीचा नातू म्हणावा असा. दुखणं मात्र आजोबांचंच.

त्याला एक सोय होती जी आपल्याला नाही: त्याचा रस पंपाच्या वर होता. त्यामुळं फुटवॉलची गरजच नाही, पातेल्याचा कॉक उघडला की रस स्वतःच्या वजनानं खाली येतो. पण नळीनं मध्ये कमान केली होती आणि पंपाचं निघायचं तोंड आडवं होतं. हवा कमानीत आणि पंपाच्या डोक्यात अडकली होती. मी सांगितलं: पंप बंद कर. डोकं फिरवून निघायचं तोंड वर कर. नळी आखूड कर, पातेल्यापासून पंपापर्यंत उतरतीच राहील अशी. पातेल्याचा कॉक पूर्ण उघड, निघायच्या बाजूचाही उघड आणि नळीत रस दिसेपर्यंत थांब. मग चालू कर. धार कमी करायची तर निघायच्या बाजूच्या कॉकनं. येणारी बाजू कधी दाबायची नाही.

तरी कडकडला. कारण रस उकळीवरच होता, आणि उकळत्या द्रवाला दाब जरासा कमी झाला तरी वाफ व्हायला पुरतं. आच बंद करून थोडा निवू दिला, पातेलं फूटभर वर चढवलं, तेव्हा धार लागली. त्या छोट्या पंपात शाफ्टला वंगण म्हणून तोच द्रव असतो, त्यामुळं कोरडा फिरवला की आतलं बुश घासलं जातं. आमची ग्लँडची दोरी स्वस्तात बदलता येते, त्याचं डोकंच बदलावं लागतं.

फोन ठेवताना म्हणाला, "दाजी, पुढच्या वेळी आलात की पाजतो." मी म्हटलं, आधी तुझ्या पंपाला पाज.

बॅरलची सोय

ज्याची झोप महत्त्वाची आहे त्यानं हे करावंच. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा बॅरल पंपापेक्षा तीन-चार फूट उंच कट्ट्यावर ठेवा. तळातून एक इंची पाइप केसिंगच्या माथ्यावरच्या प्रायमिंगच्या भोकाला जोडा, मध्ये एक बॉल वॉल्व्ह. भरायचं म्हणजे फक्त कॉक उघडायचा आणि एअर कॉकमधून धार येईपर्यंत थांबायचं. पंप चालू झाल्यावर तोच कॉक परत थोडा वेळ उघडला की केसिंगमधल्या दाबानं बॅरल भरून निघतो. भरला की बंद.

जोड केसिंगच्या माथ्यावरच हवा, सक्शन पाइपावर नको. सक्शनला जोडलात आणि कॉक उघडा राहिला तर पंप आधी बॅरल पिऊन टाकेल आणि मग बॅरलमधली हवा. बॅरलला झाकण ठेवा. आमच्यात एकदा सरडा पडला होता, तो पुढं कुठं गेला ते सांगायला नको.

घरच्या टाकीची अर्धा एचपीची मोटार 'सेल्फ प्रायमिंग' असते म्हणून लोक ती कोरडीच चालू करतात. त्यालाही पहिल्यांदा केसिंग भरावं लागतं. आत राहिलेल्या पाण्यात हवा घोळवून ती बाहेर टाकते, म्हणून नाव तसं. सुट्टीत महिनाभर बंद राहिलेली मोटार पाणी देत नसेल तर बूच काढून दोन तांबे ओता.

नदीकाठच्यांसाठी

कृष्णाकाठच्या लोकांचा हिशोब वेगळा. सांगलीत आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. पण काठावरच्या मोटारी त्याच्या कितीतरी आधी वर ओढाव्या लागतात. जुलैत ट्रॅक्टरला दोर बांधून चिखलातनं मोटारी काढायची धांदल दरसाल असते. २०१९ ला ज्यांनी एक दिवस उशीर केला त्यांचे पंप महिन्यानं गाळातनं उकरून काढले.

दिवाळीच्या सुमाराला पंप परत बसवताना भरायच्या तक्रारींची लाटच येते, कारण घाईत काढलेलं घाईतच जोडलेलं असतं. काढतानाच दोन गोष्टी करा. फुटवॉलच्या आत गोणपाटाचा बोळा कोंबून ठेवा, म्हणजे उंदीर आणि गांधीलमाशी घर करणार नाहीत. आणि बोळा घातलाय हे पाइपावर लिहा. फ्लँचचे नटबोल्ट एका डब्यात तेलात बुडवून त्याच पंपाच्या दांड्याला बांधा. बसवताना जुनं पॅकिंग परत वापरू नका, रबराचा शीट कापून नवं करा, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. पहिल्या दिवशी नदीचं पाणी गढूळ असतं, तेव्हा भरायला गावातलं स्वच्छ पाणी न्या. गढुळातली रेती सगळ्यात आधी झडपेच्या बैठकीवर जाऊन बसते.

माझ्या विहिरीवरचा चिंच अजून तिथंच आहे. अण्णांनी लावलेला, तोडवत नाही. फुटवॉलच्या जाळीवर मी आता बारीक भोकांची दुसरी जाळी बांधलीय, नायलॉनच्या दोरीनं, आणि चैत्रात चिंचा झोडून झाल्या की ती एकदा धुऊन घेतो.